कोशाच्या कापडावरचे जांभळे पट्टे

आमच्या घरी मागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात आणि त्याचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायचं काम माझ्याकडे, म्हणजे सुनेकडे. लग्नाआधी मी लाखनीला भावाच्या फोटो स्टुडिओत बसायचे, त्याची ही शिक्षा. सासऱ्यांना आमच्याकडच्या रीतीने मी मामाजी म्हणते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मामाजींनी विणलेलं ते पहिलंच कापड, अगदी बारीक चौकडीचं. अंगणात खाटेवर पसरून मी फोटो काढला आणि हौसेने त्यांना दाखवला. मधाच्या रंगाच्या कापडावर जांभळे-हिरवे पट्टे उमटले होते.

कोशाच्या सुताच्या दोन लडी सहसा एका रंगाच्या नसतात. उन्हात धरून, एकीशी दुसरी जुळवून मगच विणायला घ्यायच्या. हे काम मामाजींचंच, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. फोटो पाहून ते हळूच म्हणाले, "लडी चुकल्या. माही नजर गेली, बाई. आता माग बंद करा."

"मामाजी, चूक कॅमेऱ्याची हाये."

"मले समजवून राहिली का?"

मला मोबाइलचाच राग आला. मग सांगत बसले. कॅमेऱ्याच्या आत बारीक ठिपके असतात, आणि एकेका ठिपक्याला एकच रंग कळतो; लाल, हिरवा नाहीतर निळा. उरलेले दोन रंग तो शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरतो. आपली चौकडी त्या ठिपक्यांइतकी बारीक आली की अंदाज फसतो आणि कॅमेरा कापडात नसलेला रंग खुशाल ठोकून देतो. मामाजी मान हलवत होते, पण ते सुनेचं मन राखायला, हे मला दिसत होतं.

शेवटी कॅमेरा सुरू करून मोबाइल त्यांच्याच हातात दिला. "आता जवळ न्या."

पट्टे सरकले. आणखी जवळ नेला तर दिसेनासे झाले. मागे घेतला, पुन्हा हजर. कापड मात्र खाटेवर जसंच्या तसं.

"विनलेला पट्टा असा पळते का?" मी विचारलं.

"म्हंजे ऑपरेशन याचं करा लागते," मामाजी म्हणाले.

मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत. हात धुतल्याशिवाय ज्या कापडाला आम्हाला शिवू देत नाहीत, त्याच्या पदराने त्यांनी डोळे पुसले.