आतून लॉक

"आमची मॅडम डुक्कर पाहून अशी पळाली, का काटेरी तारेतच जाऊन पडली. मंग काय, मलेच बंदूक उचला लागली."

नवरा सांगत होता. बेसाच्या आमच्या शहरातल्या घरी पाहुणे जेवत होते. सगळे हसले. मग त्याने मला साडी जरा वर घ्यायला सांगितली. पोटरीवरचा व्रण दाखवायला. मी घेतली. लोक वाकून बघत होते. माझ्या हातात रश्श्याचं भांडं होतं.

खरं काय झालं ते सांगते.

त्याचं घराणं मालगुजाराचं, जुन्या जमीनदारांचं. दिवाणखान्यात आजोबांचा फोटो, पाय मेलेल्या वाघावर. मी मिरची पिकवणाऱ्या घरची. मुलगी खालून आणली, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात.

भिवापूरकडच्या त्यांच्या शेतात रानडुकरं शिरत होती. मारायची रीतसर परवानगी निघाली. जाणता माणूस बोलवायचा सोडून नवरा स्वतःच आजोबांची बंदूक घेऊन निघाला. मला सोबत नेलं. कुणीतरी बघणारं पाहिजे होतं.

गोळी डुकराच्या मागच्या पायाला लागली. ते तुरीत शिरलं. जखमी जनावर असं सोडू नये, मी म्हटलं. तो म्हणाला, तू मले शिकवू नको.

तेवढ्यात तुरी हलल्या.

त्याने बंदूक टाकली आणि पळाला. गाडीत शिरला. मी मागून पोचले, दार ओढलं. लॉक. काच वाजवली. त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. दार उघडलं नाही.

डुकराच्या सुळ्याने माझी पोटरी फाडली. ते शेताच्या धुऱ्यापलीकडे, बांधाच्या बाहेर जाऊन पडलं, रक्त जाऊन तिथेच मेलं. दवाखान्यात डॉक्टरला त्यानेच सांगितलं, तार लागली. मी कण्हत होते. पुढे दर जेवणावळीत तो हेच सांगत गेला, आणि मी वाढत गेले.

त्या दिवशी व्रण बघून एका पाहुणीने विचारलं, लहानपणापासूनच अशा भित्र्या का तुम्ही?

मी भांडं खाली ठेवलं.

"मी आधी पळाली नव्हती. हे पळाले. गाडी आतून लॉक केली. मी काच वाजवून राहिली होती, अन् हे पाहून राहिले होते."

एकाने कांदा मागितला.

पाहुणे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "घराण्याची अब्रू असते वं. बाईनं झाकून घ्यावं." नवरा म्हणाला, सगळ्यांना फोन कर, गंमत केली म्हणून सांग. मी नाही म्हटलं.

"मंग या घरात राहाचं नाही."

"राहीन," मी म्हटलं. "इथंच राहीन."

आता तो मला कुठे नेत नाही. बाहेर तीच गोष्ट सांगतो. कळतं मला. लोक अजून हसतात. एकदा बोलून काही झालं नाही, याचा संताप येतो. म्हणून आता न बोलावताही जाणार आहे. मावससासूच्या घरी जाईन, त्याच्या भाच्याच्या लग्नातही. तो जिथे तोंड उघडेल, तिथे मीही उघडीन.

तो भ्याला याचा राग नाही. सुळे बघून कुणीही भिईल. पण ती भीती त्याची आहे. माझ्या नावावर चढू देणार नाही.