बापूरावांनी पाहिलेलं शिखर

पुणेकर हिमालयात जातो बर्फ बघायला, पण एक वाजला की त्याला आमटी-भात लागतो. तोही गरम. परत आल्यावर तो शेजाऱ्यांना आधी जेवणाचं सांगतो आणि वेळ उरला तर बर्फाचं. या एका सवयीवर आमच्या शहरातल्या कितीतरी टूर कंपन्या चालल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर पातेली, झारे, गोडा मसाला आणि कोकमं घेऊन डोंगरात जाणारी माणसंही. बापूराव त्यातले एक. आचारी.

मला ते ठाऊक झाले त्यांच्या बायकोमुळे. येरवड्यात आमच्या सोसायटीत मालनबाई पोळ्या करायला यायच्या. मी एकटी, माझ्या पोळ्या अशा किती असणार? पण माझं घर शेवटचं, म्हणून चहा घेऊन टेकायच्या. उन्हाळाभर त्या गप्प असत, कारण नवरा टूरवर. शाळा उघडायच्या सुमाराला बापूराव परत आले की मालनबाईंना वाचा फुटायची, आणि माझ्या ओट्यापाशी देवथाच नावाचं गाव उभं राहायचं.

हिमाचलातलं एवढंसं गाव. डोंगराच्या एका धारेवर वसलेलं. एक बाजार, एक बसस्टँड आणि देवदाराच्या झाडीत देवीचं लाकडी देऊळ. शेवटच्या घराच्या परसातच जंगल सुरू होतं ते संपतच नाही. सफरचंदाच्या बागेत अस्वल उतरतं, म्हणून अंधार पडला की कुणी बाहेर पडत नाही. आणि समोर, दरीपलीकडे, एक शिखर. बारा महिने पांढरं. पहाटे आधी त्याचं टोक लाल होतं, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखं, आणि मग सगळ्या डोंगरांना जाग येते. "हे उठले की आधी त्याला हात जोडतात," मालनबाई सांगायच्या. बोलताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. माझ्या ओळखीतले निम्मे लोक तिकडे जाऊन आले होते, पण इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

बापूरावांना मी कधीमधी बघायची, मालनबाईंना न्यायला आले की. आचारी म्हणावा असा देह नाही, काडीसारखा माणूस. कोपरापर्यंत तेलाचे जुने चटके. बोलणं 'हाय की' आणि 'न्हाई' यांच्या पलीकडे जायचं नाही. हा माणूस घरी जाऊन बायकोला एवढं वर्णन करून सांगतो, हे मला खरं वाटायचं नाही. पण सांगत असत. उन्हाळाभर घर तिच्या एकटीवर टाकून जाण्याच्या बदल्यात त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

उत्कर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीत होती. एका मे महिन्यात ताप आला, डेंग्यू निघाला, आणि एका पहाटे ती गेली. बापूराव तेव्हा देवथाचला. ते पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात आले आणि भिंतीला टेकून बसले. मालनबाईंनी त्यांना काही विचारलं नाही. आपण होऊनच म्हणाले, की त्या दिवशी पहाटे मी बाहेर उभा होतो, शिखर कधी नव्हे इतकं लख्ख निघालं, पार खालपर्यंत लाल झालं. मला तेव्हा कळलं नाही आज असं का. आता कळलं.

हे सांगताना मालनबाईंची पोळी तव्यावर करपली, तरी त्यांनी ती उलटली नाही. "पोरगी जाताना बापाला दिसून गेली, ताई," म्हणाल्या. त्या एका वाक्यावर ही बाई पुढची सगळी वर्षं जगली, असं मी म्हणते आणि त्यात काडीची अतिशयोक्ती नाही. देवाधर्मात मन रमलं नाही, नातेवाइकांचं तर विचारूच नये. ते शिखर तेवढं तिचं होतं.

गेल्या वर्षी मालनबाईंच्या पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावच काढलं नाही, काय खावंसं वाटेल ते खायला द्या म्हणाले. मालनबाईंना खावंसं काही वाटत नव्हतं. त्यांना देवथाचला जायचं होतं. ह्यांनी जिथून बघितलं तिथं उभं राहून एकदा ते शिखर बघायचं, बस. बापूराव नको म्हणाले. रस्ता वाईट, थंडी सोसायची नाही, पुढच्या सीझनला बघू. पुढचा सीझन कुणाला मिळणार होता ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

शेवटी मीच मध्ये पडले. एकट्या बाईने टूरला नाव घातलं की खोलीत पार्टनर लागतो. टूर मॅनेजर महिपती आमच्याच गल्लीतला. त्याला म्हटलं, माझी पार्टनर मालनबाई, आणि तुझे आचारी बापूराव त्याच बॅचला. त्याने डोकं खाजवलं आणि हो म्हणाला. मला वाटलं, मी फार मोठं पुण्य केलं.

आचाऱ्यांचा टेम्पो आमच्या बसच्या आधीच निघायचा, ताडपत्री बांधलेला, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत चुली पेटलेल्या. बसमध्ये मालनबाई खिडकीशी बसल्या आणि मला सांगत राहिल्या, आता धबधबा येईल, आता लोखंडी पूल. धबधबा आला तो पुलानंतर, आणि चांगला तासाभराने. मी म्हटलं, दरडी कोसळतात, रस्ते बदलतात. त्यांनाही ते पटलं.

देवथाचला ढग उतरलेले होते. शिखर सोडाच, समोरची दरीही दिसत नव्हती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. टूरमधल्या मंडळींनी महिपतीला फैलावर घेतलं, जसा काही त्याने ढग मागवले होते. बापूराव दिवसभर स्वयंपाकघरात, बायकोला नीट भेटायलाही सवड नाही. कारण पुणेकरांना संध्याकाळी भजी हवी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारची आवराआवर झाल्यावर महिपतीने त्यांना जरा मोकळीक दिली. मालनबाई म्हणाल्या, शिखर न्हाई तर देऊळ तरी दाखवा. आधाराला मी बरोबर होतेच. बाजारातून निघालो. बापूरावांना सगळं गाव ओळखत होतं. भाजीवाल्याने हात केला, दूधवाल्याने केला, गॅसच्या दुकानातला तर उठून बाहेर आला. मालनबाईंचा थकलेला चेहरा उजळला. बापूराव एका बोळात वळले, तो कोंबड्यांच्या खुराड्यापाशी संपला. मागे फिरलो. दुसरा बोळ थेट गावाबाहेर गेला. तिथे शेवटचं घर, त्यापुढे वनखात्याचा गंजलेला फलक, आणि फलकामागे काळोखी देवदारांची रांग, ढगात शिरलेली. तिथून पुढे गावच नव्हतं. मालनबाईंना धाप लागली. मी त्यांना एका दगडावर बसवलं.

बापूराव भाजीवाल्याकडे परत गेले. त्यांनी आवाज खाली आणला होता, पण अशा जागी आवाज लपत नाही.

"भाई, देवी का मंदिर किधर पडता है?"

भाजीवाला हसला. "इतने साल से आ रहे हो महाराज, मंदिर नहीं देखा?"

मी मालनबाईंकडे बघितलं नाही. माझी छाती झाली नाही. त्याच म्हणाल्या, आता देऊळ नको, माघारी चला. हॉटेलपाशी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, मला तुमची चूल बघायची.

हॉटेल उतारावर बांधलेलं. खोल्या आणि अंगण वर, स्वयंपाकघर खाली, डोंगराच्या पोटात. एक खिडकी होती. तिच्यासमोर दरड अडवायला बांधलेली सिमेंटची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. भिंतीवर शेवाळ, वरून ठिबकणारा पाइप. दार उघडायचं ते मागच्या जिन्यात, आणि जिना जेवणाच्या हॉलमध्ये. पहाटेच्या चहापासून रात्रीची भांडी होईपर्यंत माणूस इथे, आणि झोपायचं बाजूच्या कोठीत, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी. मी त्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

मालनबाई एका उलट्या डब्यावर बसल्या. बापूरावांनी कणीक ओढून घेतली आणि मळायला लागले. हातांना दुसरं काय सुचणार?

"त्या दिवशी पण हितंच व्हता?" मालनबाईंनी विचारलं.

"हितंच."

"मग ते लाल झालेलं?"

"लोक बघून आले व्हते. पोहे खाताना बोलत व्हते. तेवढ्यात घरचा फोन आला." त्यांचे हात थांबले. "तुला द्यायला माझ्याकडं दुसरं काय व्हतं?"

मालनबाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. खिडकीतून त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, मी हिकडं लोकांच्या पोळ्या लाटते, पण आपल्यातलं एक माणूस तरी तिकडं बघतंय."

एवढंच. मग त्यांनी लाटणं मागितलं. मी नको म्हटलं, बापूराव नको म्हणाले, तरी बसल्या बसल्या लाटत राहिल्या. मी वर निघून आले. मला स्वतःचा आणि माझ्या त्या पुण्यकर्माचा भयंकर राग आला होता.

निघायच्या दिवशी पहाटे आरडाओरडा झाला. शिखर निघालं होतं. मी शाल घेऊन अंगणात आले तर सगळी बॅच कठड्याशी, फोन वर धरलेले. आणि ते खरोखर तसंच होतं. मालनबाईंनी माझ्या ओट्यापाशी सांगितलं होतं तसंच, अक्षरशः. टोक लाल, खाली अजून निळसर अंधार. मी धावत खाली गेले. मालनबाई पहाटेच उठून स्वयंपाकघरात आल्या होत्या आणि त्याच डब्यावर बसल्या होत्या. म्हटलं, चला, मी धरते, हळूहळू चढू.

"मला न्हाई बघायचं, ताई. मला ह्यांनी बघितलेलं बघायचं व्हतं. ते कुठं हाय?" मग नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही जा. आता तरी बघून या. पोरीसाठी."

बापूरावांनी हात पुसले आणि जिना चढले. मी मागोमाग. ते अंगणाच्या दाराशी आले. पुढे सगळ्यांच्या पाठी होत्या, शिखर त्या पाठींपलीकडे. चार पावलं टाकून मान वर केली असती तर दिसलं असतं. तेवढ्यात दत्तप्रसाद नावाचे निवृत्त गृहस्थ वळले. टूरभर चहा पाणचट असतो म्हणून कुरकुरणारे.

"वा, बापूराव, वेळेवर आलात. चहा आज इकडेच येऊ दे. आणि जरा कडक."

"आणतो," बापूराव म्हणाले आणि वळले. मान वर न करता. इतक्या वर्षांची सवय, पाय आपसूक वळले. मी हाक मारायला तोंड उघडेपर्यंत ते जिन्यात उतरलेले होते. चहाचे ट्रे घेऊन वर आले तेव्हा दरीतून ढग चढला होता. लोक आत येऊन बॅगा भरायला लागले होते. कठड्यापाशी बापूराव ट्रे धरून उभे, आणि समोर नुसतं पांढरं.

मी खाली गेले तेव्हा मालनबाई त्यांना विचारत होत्या, दिसलं का.

"दिसलं," बापूराव म्हणाले.

"कसं व्हतं?"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. मग ते सांगायला लागले. आधी टोक लाल झालं, निखाऱ्यासारखं. मग खाली खाली उतरत आलं. शब्द तेच होते, मला पाठ झालेले. मालनबाई डोळे मिटून ऐकत होत्या. खरं मानलं की मानून घेतलं, मला सांगता येणार नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

गणपती बसायच्या आत त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत कुणी भेटायला आलं की सांगायच्या, आमच्यातल्या एकानं बघितलं. बापूराव तेव्हा उशाशी बसलेले असत आणि मान खाली घालून हो म्हणत. ते ऐकणं मला जड जायचं. त्यांना काय होत असेल, हे मी मनात आणत नसे.

आता त्यांनी टूर सोडली. वाघोलीला कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये असतात. परवा पोळ्यांसाठी दुसरी बाई बघून द्यायला घरी आले होते. मी म्हटलं, बापूराव, यंदा देवथाचला माझ्या खर्चाने जा. प्रवासी म्हणून. दुसऱ्या कुणी केलेलं टेबलावर बसून जेवा, आणि पहाटे त्या कठड्याशी उभे राहा. शिखर निघेपर्यंत हलू नका.

त्यांनी चहाचा कप धुऊन ओट्यावर पालथा घातला.

"जाईन की ताई," म्हणाले. "पण आल्यावर सांगू कुणाला?"