हेलनबाईंना भेटलेली रेशमा

हे अजून माझ्या तोंडून कुठेच बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीला नाही, आणि ज्या सॅम्युअलभाईंच्या हाताखाली मी इतकी वर्षं काम केलं त्यांना तर नाहीच. त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी सांगायचं ठरवून गेले होते — आणि सगळ्यांना समोसे वाटून घरी आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हालाही समोसाच दिला असता.

आम्ही बडोद्याचे मराठी. कारेलीबागेत फ्लॅट, घरात मराठी, जिना उतरलं की गुजराती. छाणीला एका ख्रिस्ती संस्थेचं मुलांसाठीचं केंद्र होतं, तिथे मी नोकरी करत असे. संस्थेचं नाव सांगत नाही. दोष तिचा नाही. शाळा सुटली की आजूबाजूच्या वस्तीतली मुलं यायची. अभ्यास, पोटभर जेवण, अधूनमधून डॉक्टर. अशी केंद्रं त्यांची कितीतरी देशांत आहेत, आणि प्रत्येक मुलामागे कुठेतरी दूर एक माणूस असतं, फोटो पाहून त्या मुलाला निवडणारं, त्याचा खर्च उचलणारं. मी इंग्रजी शिकवायचे आणि त्या दूरच्या माणसांशी मुलं बोलायची तेव्हा मध्ये बसून दुभाष्याचं काम करायचे. सोसायटीतल्या बायका नाक मुरडायच्या — मिशनवाल्यांकडे कशाला? पण सॅम्युअलभाईंनी माझ्या देवाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. गणपतीत मी मोदक नेले की पहिला मोदक तेच उचलायचे. चांगला माणूस. म्हणूनच जास्त लागतं.

केंद्रात एक पद्धत होती. घरी जायच्या आधी मुलं रांगेत उभी राहायची, डोळे मिटायची आणि प्रत्येक जण आपापल्या माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी दोन शब्द मागायचा. ज्या मुलांना अजून कुणी निवडलेलं नव्हतं, त्यांनी म्हणायचं, ‘बधानुं भलुं करजे.’ सगळ्यांचं भलं कर. हेतल नावाची एक मुलगी वर्षानुवर्षं तेवढंच म्हणत आली होती. तिचा फोटो कुणाला आवडत नव्हता का काय, देव जाणे. आणि तिच्या शेजारी उभी राहणारी रेशमा रोज ठसक्यात म्हणायची, ‘मारां हेलनबेन.’ माझ्या हेलनबाई. हेलनबाईंचे गुडघे, हेलनबाईंची आंधळी मांजर, हेलनबाईंच्या गावातला पाऊस — रेशमाला सगळं माहीत. आणि रेशमाच्या शेजारी उभी राहून राहून हेतललाही सगळं माहीत.

हेलनबाई स्कॉटलंडच्या. एका शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेला, मूलबाळ नाही. त्यांची नजर हळूहळू जात चालली होती. अधूनमधून व्हिडिओ कॉल व्हायचा, तेव्हा त्या पडद्याला नाक लावून बसायच्या.

अशाच एका कॉलवर रेशमा रडली. बाप नव्हताच तिला, आई आजारी. काका म्हणत होता, मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात काम आहे, पोरीला पाठव. ‘मला नाही जायचं, हेलनबेन, तुम्ही काकाला सांगा ना, तुमचं ऐकेल तो’ — असं पुष्कळ बोलली ती, हुंदके देत, तेच तेच परत परत. आणि मी इंग्रजीत काय सांगितलं? की रेशमा कदाचित काकाकडे जाणार आहे, म्हणून जरा हळवी झाली आहे. संपलं. एवढंच.

का? दुभाष्याला एक खोड लागते. मधल्यामध्ये खडे वेचायची. दूरच्या म्हाताऱ्या बाईला कशाला घोर लावायचा, इथलं आपण इथे बघू — असं मी स्वतःला सांगितलं. आणि इथलं बघायचं म्हणजे काय करायचं होतं? उठून तिच्या घरी जायचं होतं. सॅम्युअलभाईंच्या कानावर घालायचं होतं. त्यांना मी म्हटलं, तिच्या घरात थोडी कुरबुर दिसते, मी जाऊन येते. ते म्हणाले, ‘जरूर जजो, शुभांगीबेन.’ जरूर जाऊन या. मी गेले नाही. माझ्या लेकीचं लग्न ठरत होतं. त्याच आठवड्यात मी दोनदा मंगळबाजारात जाऊन आले, साड्यांवर साड्या पाहिल्या. म्हणजे वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. त्या वस्तीत नाल्यावरून जावं लागायचं, वास यायचा, ऊन मी म्हणत होतं. खरं कारण एवढंच आहे. ते सांगताना माझीच मला शिसारी येते.

रेशमा यायची बंद झाली. सॅम्युअलभाई तेव्हा दाहोदकडे नवं केंद्र उभं करण्यात गुंतलेले, बहुतेक बाहेरच असायचे. फोनवर त्यांनी विचारलं, ‘जोई आव्यां?’ पाहून आलात? मी म्हटलं हो, गावाला गेलेत, येतील आठ-पंधरा दिवसांत. किती सहज म्हटलं! पुढच्या फोनला त्यांनी विचारलं, रेशमा आली का? तेव्हाही मी हो म्हटलं. पहिल्या होचा मान राखायला दुसरा हो लागतोच.

आणि मग कळलं, हेलनबाई येताहेत. स्वतः. डोळे पुरते जायच्या आत त्यांना रेशमाला बघायचं होतं.

त्या आल्या, आणि प्रवासानं पोट बिघडून फतेगंजच्या एका हॉटेलात आडव्या झाल्या. छाणीला यायची ताकद उरली नव्हती. सॅम्युअलभाई दाहोदला अडकलेले. त्यांनी मला सांगितलं, तुम्ही रेशमाला हॉटेलवर घेऊन जा, बिचारीला भेटू दे.

त्या सकाळी मी पहिल्यांदा नाला ओलांडला. रेशमाच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. एक बाई लसूण सोलत बसली होती. म्हणाली, ‘ए लोको तो क्यारनां गयां.’ केव्हाचेच गेले. आईला दवाखान्यात नेलं की गावी नेलं, तिला माहीत नव्हतं. पोरीला मात्र काका घेऊन गेला, रडत होती, म्हणाली.

इथे थांबते जरा.

कारण इथे सगळं माझ्या हातात होतं. सॅम्युअलभाईंना फोन लावायचा आणि म्हणायचं, माझं चुकलं, मी गेलेच नव्हते, पोरीला नेलंय. ते दाहोदहून निघाले असते. पोलीस, मोरबी, ठेकेदार — त्या माणसानं रान उठवलं असतं. पोरीला जाऊन अजून फार दिवस झाले नव्हते. काय गेलं असतं माझं? फार तर नोकरी. खरं तर तीही गेली नसती. सॅम्युअलभाईंनी मला समोर बसवून माझ्यासाठी प्रार्थना केली असती, आणि तेवढंच मला सोसणार नव्हतं. ‘शुभांगीबेनना प्रत्येक मुलाचं घर ठाऊक’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

मी नाला परत ओलांडला आणि हेतलच्या घरी गेले.

तिच्या आईला म्हटलं, परदेशी पाहुण्यांना भेटवून आणते. आईनं पोरीला तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. रिक्षात मी हेतलला समजावलं: आज तू रेशमा. त्या आजीला दिसत नाही नीट, लांबून आल्यात, त्यांचा जीव दुखायला नको. ती म्हणाली, पण रेशमा? मी म्हटलं, ती आली की आपण तिला सांगू. बारा वर्षांची पोर, शिक्षिकेनं सांगितल्यावर नाही कशी म्हणणार? आणि खरं सांगू — तिचे डोळे चमकलेही. तिला कधी कुणी भेटायला आलं नव्हतं.

हेलनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. अंगानं बारीक, हात मात्र कामाचे, मोठे. त्यांनी हेतलचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि बोटांनी चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. मग पिशवीतून एक स्वेटर काढला. अंदाजानं विणलेला, निळा, जाडजूड. बडोद्याच्या त्या उन्हाळ्यात! हेतलनं तो तिथल्या तिथे घातला आणि काढेचना. हेलनबाई गुडघ्यांचं सांगू लागल्या, तर हिनंच विचारलं, मांजर कशी आहे? मी भाषांतर केलं आणि त्या खुदकन हसल्या. मला वाटलं, निभावलं. हे पाप मी किती हौसेनं करत होते, ते त्या ‘निभावलं’वरून ओळखा.

मग हेलनबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, त्या दिवशी कॉलवर ही इतका वेळ बोलत होती आणि तुम्ही मला एवढंसंच सांगितलंत. मला शब्द कळत नाहीत, पण रडणं कळतं. मी त्यासाठी आले आहे. विचारा तिला — तुला कुणी काकाकडे पाठवलं का? पाठवणार आहेत का? मी इथेच बसेन, याचा निकाल लागल्याशिवाय परत जाणार नाही.

समजलं तुम्हाला? ती बाई नुसतं डोळे भरून पाहायला आली नव्हती. ती रेशमाला सोडवायला आली होती. अर्ध्या जगावरून, पोट धरून, एकटी.

मी गुजरातीत प्रश्न विचारला. हेतलनं माझ्याकडे पाहिलं. तिला रेशमाच्या काकाचं माहीत होतं. रांगेत शेजारी उभं राहून दोघी सगळंच बोलायच्या. ती पाहत राहिली, घामानं निथळत, त्या स्वेटरात. काय बोलू, असं विचारत होती. मी मान हलवली. नाही म्हण.

‘ना,’ ती म्हणाली, ‘हुं तो घरे ज छुं.’ मी तर घरीच आहे.

ते वाक्य मी अगदी पुरं भाषांतरित केलं. एक अक्षर गाळलं नाही.

हेलनबाई रडल्या, तिला पोटाशी धरून. दोन दिवसांनी परत गेल्या. तिकडे सगळ्यांना सांगत होत्या म्हणे, माझी पोरगी सुखरूप आहे, मी हातानं पाहून आले. पुढच्या हिवाळ्यात वारल्या. समाधानानं गेल्या, असं त्यांच्या शेजारणीनं कळवलं, आणि ते वाचून सॅम्युअलभाईंनी माझे आभार मानले.

रेशमाचं काय, म्हणाल. पुढे मला सांगावंच लागलं की ती गेली. पण कधी गेली सांगणार? भेटीनंतर. दुसरं काही सांगायची सोयच मी ठेवली नव्हती. सॅम्युअलभाई स्वतः मोरबीला जाऊन आले, एकदा नव्हे, कितीदा तरी. पण त्यांनी विचारपूस केली ती भेटीनंतर माणसं नेणाऱ्या ठेकेदारांकडे. त्यांच्याकडे ती कशी असणार? तिला त्याच्या काही आठवडे आधीच, दुसऱ्याच कुणा ठेकेदारानं नेलं असणार. ते थकून परत यायचे आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. तेव्हाही बोलता आलं असतं. रोज बोलता आलं असतं. रेशमा सापडली नाही. आज ती कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

आणि हेतल. भेटीच्या दुसऱ्या दिवशी तिनं रांगेत डोळे मिटून म्हटलं, ‘मारां हेलनबेन.’ मी सगळ्यांसमोर तिला अडवलं. ते तुझं नाही, म्हटलं. तिनं निमूटपणे सगळ्यांचं भलं मागितलं. स्वेटरही मी काढून घेतला होता, रेशमा आली की तिला देऊ म्हणून. तो माझ्या कपाटात पडून राहिला. लेकीच्या लग्नाआधीच्या आवराआवरीत मी तो बोहारणीला देऊन टाकला.

परवा मी रक्तदाब तपासायला आमच्या भागातल्या दवाखान्यात गेले. नर्सच्या कपड्यात हेतल समोर. छान झाली आहे, ठसठशीत, आवाजात वजन आलंय. ‘टीचर!’ म्हणून तिनं हात धरला, आत नेलं, स्टुलावर बसवलं. दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता अगदी हळू म्हणाली, ‘टीचर, एक विचारू? मी तेव्हा त्या आजींना खरं सांगितलं असतं, तर रेशमा सापडली असती ना?’

म्हणजे इतकी वर्षं ते ओझं तिच्याकडे होतं. तिच्या मते ते तिचं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. तू नाही गं, मी. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती वाट पाहत होती, हातात तो रबरी फुगा तसाच धरून. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘जाऊ दे गं, लहान होतीस तू.’

हेतलचे डोळे भरून आले. ती वाकली आणि माझ्या पाया पडली. तिला वाटलं, मी तिला माफ केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.