सात नंबरची शिम

पाचोडला चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. बुंदी नुकतीच ताटात पडली होती. तेवढ्यात कंपनीतून जोशी साहेबांचा फोन.

"साळवे, सात नंबर बिघडलंय. बर येतोय. लगेच ये."

"साहेब, रजा आहे माझी. जेवतोय."

"मग जेवून ये. पण लगेच ये."

सुजातानं, माझ्या बायकोनं, समोरच्या पंगतीतून नुसतं बघितलं. ते बघणं माझ्या ओळखीचं आहे. मी उठलो.

मी वाळूजच्या एका कंपनीत डाय सेटर. पत्रा दाबून कापणारं मशीन म्हणजे प्रेस, आणि त्यातला साचा म्हणजे डाय. डाय केसभर जरी कलली तरी कापलेल्या पत्र्याला धारदार काठ राहतो. तो बर. बर आला की माल रिजेक्ट. आमच्या सात नंबरच्या प्रेसचा बेड, डाय बसते ती खालची बैठक, झिजलेला. तिथं कुठल्या कोपऱ्यात किती जाडीची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालायची हे फक्त मला ठाऊक.

पोचलो. सगळ्यांकडं पाठ केली, शिम सरकवली. वीस मिनिटांत मशीन चालू.

"क्या हाथ है, भाई!" रफीकभाई म्हणाले. शेजारच्या प्रेसवरचे जुने जोडीदार. माझी छाती फुगली.

तसाच साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. सुपरवायझरची जागा रिकामी होती. मी तिसऱ्यांदा मागत होतो.

"तुझ्यासारखा सेटर नाही, साळवे. म्हणून तर देता येत नाही," साहेब म्हणाले. "तुला वर घेतलं तर सात नंबर कोण बघणार? आठ दिवसांत नाव पाठवायचंय. दुसऱ्याचंच पाठवतो."

घरी आलो तो धुसफुसतच. "सोळा वर्षं! तेच मशीन, तीच जागा, चहाचा कपपण तोच. माणूस आहे का खुंटा?"

सुजाता भाकरी थापत होती. "मग शिकवा की कुणाला तरी."

"शिकवल्यावर माझी किंमत काय राहील?"

"आत्ता काय आहे? बुंदी सोडून उठायची, एवढीच ना?"

पण आमच्यात रीतच तशी. माझे उस्तादही पाठ करूनच सेटिंग करायचे. शिफ्ट सुटल्यावर त्यांनी टाकलेल्या शिमा उचलून, मोजून मी शिकलो. मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या, आणि पुढं स्वतः तेच केलं.

दुसऱ्या दिवशी हाक मारली. "रफीकभाई, इकडं या. समोर उभे राहा."

त्यांना वाटलं, मस्करी. मागचा डावा कोपरा दाखवला, जाडी सांगितली. सोळा वर्षांची पुंजी दहा मिनिटांत संपली.

"बस, इतनाच? मैं तो जादू समझा था!"

राग आला आणि हसूही आलं. त्या दिवशी रफीकभाईंनी ढीगभर पार्ट बाद केले. साहेब ओरडत आले. "शिकतोय माणूस, जरा दम धरा," मी म्हटलं. चौथ्या दिवशी रफीकभाईंनी शिमेला लाल रंगाचा ठिपका दिला, बेडच्या कोपऱ्यालाही तोच. वीस मिनिटांचं काम बारा मिनिटांवर आलं. मला हे कधी सुचलंच नव्हतं. लपवायच्या वस्तूला कोण रंग लावतो!

सहाव्या दिवशी मुद्दाम रजा टाकली. सुजाताला घेऊन पैठणला गेलो. जेवताना दर दोन घासांनी फोन बघत होतो. वाजेचना. शेवटी मीच लावला.

"सात नंबर कसंय?"

"चलरा मस्त. तुम फोन रखो, खाना खाओ."

सुजाता इतकी हसली की तिला ठसका लागला. मला आधी जरा वाईट वाटलं. मग लई हलकं वाटलं. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

साहेबांनी माझंच नाव पाठवलं.

परवा सुपरवायझर म्हणून राउंडला निघालो, तर चार नंबरवरचे गायकवाड मला बघून सेटिंग झाकत पाठ करून उभे राहिले. मी वळसा घालून त्यांच्या समोर गेलो.

"काय झालं, साहेब?" गायकवाडांनी विचारलं.

"काय नाय. माझी वाट सोळा वर्षं कुणी अडवली होती, ते सांगायला आलो," मी म्हटलं. "पाठ माझीच होती."