पाण्याचा अर्ज आणि लाल शाई

मंडळी, आज दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी गिरणीत कारकून आहे. आमच्या सूत गुंडाळायच्या खात्यात प्यायला पाणी नाही. परवा एक बाई काम करता करता चक्कर येऊन पडली. तेव्हा त्याच खात्यात काम करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या मैंदर्गीच्या शिवव्वाबाईंनी माझ्याकडून साहेबांना इंग्रजी अर्ज लिहवून घेतला आणि पाठवण्याआधी त्याच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं.

आज अर्ज परत आला. साहेबांनी लाल शाईनं माझे स्वल्पविराम खोडले होते, जागोजागी अर्धविराम घातले होते. खाली शेरा होता, 'आधी विरामचिन्हे शिका.' पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

शिवव्वाबाईंनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"भाऊसाब, सायबानं बी कुंकू लावलंय की. आमी कोपऱ्यांना लावलं, त्यांनी वळीवळीला लावलंय."

कागद कपाळाला लावून शिवव्वाबाई बाकीच्या बायांना सांगायला गेल्या.

सुटी झाल्यावर पाहिलं, तर खात्यातला कोरडा रांजण बायांनी पुसून दाराशी आणून ठेवला होता.

उद्या त्यांना मी काय सांगू?