पागेतून हलवलेला घोडा
भिजवलेल्या कोंड्याचा वास आला की नेरळची आमची सामाईक पागा आठवते. भाऊ वारल्यावर त्याचा घोडा बिथरला आणि एके दिवशी शेजारी बांधलेल्या घोडीच्या मानेचा त्यानं लचका तोडला. तिचा म्हातारा मालक वहिनीला म्हणाला, “पोरी, आज घोडीला चावला, उद्या माणसाला चावंल. ह्याला हितं ठेवू नको.” वहिनी आणि मी दोन बाजूंनी दोर धरून त्याला शेलू गावातल्या आमच्या शेतावर नेलं. तिथं तो शांत झाला, पण वैरणीला तोंड लावेना. दिवसभर नेरळकडं बघून खिंकाळायचा. त्याच्या पाठीवरून हात फिरवत वहिनी म्हणाली, “आता कुणाला ह्याचं भ्या नाय रं, पण ह्याला तरी कोण हाय?” पावसाळ्याआधीच तो गेला. आता वहिनीही राहिली नाही, या घरात मीही एकटाच उरलोय. ताट वाढून घेतो आणि बराच वेळ तसाच बसून राहतो.