पोळ्या भाजताना अक्कांचं बीपी

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकलं असेल, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण अक्कांना जाऊन महिना झाला, आणि त्यांच्याबद्दल तोंडाने बोलायला मला जमत नाही... म्हणून लिहिते.

अक्का माझ्या मोठ्या जाऊबाई. कोपरला आमचं पोळीभाजी केंद्र. पोळ्या लाटायचे मी, भाजायच्या त्या. दवाखान्यात गेलं की त्यांचं बीपी नेहमी चढलेलं. त्यांचा संदीप घोडबंदर रोडला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्याने ठरवूनच टाकलं, हे कामाचं टेन्शन आहे, केंद्र बंद करायचं आणि आईने आमच्याकडे यायचं. अक्कांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

डॉक्टर म्हणाले, आधी एक दिवस दंडाला मशीन लावून बघू, तुम्ही रोजची कामं करा. त्याचा पट्टा मधूनमधून आपोआप आवळायचा, तेव्हा हात हलवायचा नाही. नेमकी तव्यावर पोळी टाकली की तो आवळायचा. अक्का त्याला दटावायच्या, "थांब की रे बाबा, एवढी उलटू दे." पोळी करपायची आणि आम्ही दोघी हसत बसायचो.

मशीन काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पोळ्या भाजताना बीपी छान आहे. संध्याकाळी एवढं का चढलं? तेव्हा तर तुम्ही बसून होता." संदीपही बरोबर आला होता. तोच हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा मी फोन केलेला. केंद्रातली भांडी कुणाला द्यायची, ते विचारायला."

डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या, काम थांबवलं नाही. जिना उतरताना अक्का लेकाला म्हणाल्या, "फोन करत जा रे. भांड्यांचं तेवढं काढू नकोस."

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी तवा सोडला नाही. शेवटच्या दिवशीही सगळे डबे वेळेवर गेले. दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... अशा बाईची मी जाऊ, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

दिवसकार्य झाल्यावर संदीप केंद्रात आला. म्हणाला, "काकू, पुढे काय ठरवलंयस?"

त्याच्यापुढे मी कधी मान वर करून बोलले नव्हते.

"ठरवायचं काय त्यात? उद्या सोमवार. डबे जायचेत."

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि फळीवरचा पिठाचा डबा मला खाली काढून दिला.